लसीच्या बाटलीचं बूच

तिसऱ्यांदा सील बदललं आणि तिसऱ्यांदा जीपखाली तेलाचा डाग पडला, तेव्हा धुळाजी मिस्तरीने बीडच्या स्पेअरपार्टवाल्याचा मनातल्या मनात यथेच्छ उद्धार केला. दुकानदार तो, नकली माल गळ्यात मारणारच. पण तीस वर्षं हात काळे करूनही आपण फसतो, याचा त्याला जास्त राग आला.

कड्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्याला धुळाजीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक लिंबाचं झाड आणि झाडाखाली खणलेला खड्डा. खड्ड्यात उतरून वर पाहिलं की गाडीचं पोट दिसतं. माणसाच्या तोंडावरून स्वभाव कळतो की नाही देव जाणे, पण गाडीच्या पोटावरून मालक कसा आहे ते धुळाजी खात्रीने सांगायचा. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये त्याने वीस वर्षं काढली होती. पुढे सलग दोन पावसाळे कोरडे गेले, ऊसच उरला नाही, मग गाळप कसलं आणि वर्कशॉप कसलं. बाहत्तरचा दुष्काळ पाहिलेली म्हातारी माणसं म्हणायची, तेव्हा खायला नव्हतं, आता प्यायला नाही.

खड्ड्यावर उभी होती ती सहकारी दूध संघाची जीप. दुष्काळात दूध आटलं तसं संघाने जनावरांची छावणी काढली होती, आणि छावणीच्या पेंडीपासून डॉक्टरपर्यंत सगळं याच जीपमधून येत-जात असे. तिच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा होता, डिफरन्शियल. इंजिनाची ताकद या गोळ्यात येते आणि तिथून दोन्ही चाकांना वाटली जाते. आत जाड, गंधकाच्या वासाचं तेल असतं. ते आतच राहायला हवं. बाहेर आलं म्हणजे ते अडवणारं रबरी सील गेलं, दुसरं काही नाही, असं धुळाजी आजवर सगळ्यांना सांगत आला होता.

मंगळवारचा दिवस होता. सकाळीच चेअरमन भगवानरावांचा निरोप आला होता की बुधवारी सहाला जीप तयार पाहिजे, आणि मिस्तरींनीही अंघोळ करून तयार राहावं. बुधवारी बीडच्या कोर्टात आसारामची तारीख होती, आणि धुळाजी हा सरकारचा साक्षीदार होता.

आसाराम हा संघाचा जुना ड्रायव्हर. गेल्या उन्हाळ्यात संघाकडे दोन जिपा होत्या, त्यातली एक त्याच्या हातात. मांजरसुंब्याच्या घाटात ती उतारावर सुटली, वळणावर कठड्याला धडकली आणि उलटली. शेजारी बसलेला छावणीचा कारकून निवृत्ती जागीच गेला. आसाराम वाचला, पण उजवा पाय कायमचा वाकडा झाला. तो प्यालेला होता असं गावात दोन दिवसांत ठरून गेलं. गावाला ठरवायला दोन दिवस म्हणजे उशीरच. दवाखान्यातल्या खाटेवरून आसाराम एकच गोष्ट सांगत होता, "म्या ब्रेक दाबला व्हता. पेडल दगडावानी घट व्हतं, पर गाडी थांबंना. लोण्यावरनं चालल्यागत चालली."

पोलिसांनी धुळाजीला बोलावून मोडलेली जीप दाखवली. त्याने चाकं काढून पाहिली. मागच्या चाकांच्या दोन्ही ब्रेक-ड्रममध्ये तेल होतं, पण चाकं जोडणारा धुरा वाकला होता, गोळा फुटला होता, सगळीकडे तेलच तेल झालं होतं, त्यामुळे त्याला ते काही विशेष वाटलं नाही. ब्रेकचा पाइप शाबूत होता. पेडल घट्ट होतं. धुळाजीने जबाब दिला की ब्रेक खराब असता तर पेडल खाली गेलं असतं, पेडल घट्ट म्हणजे ब्रेक ठीक, चूक चालवणाऱ्याची. खाली सही केली. त्या सहीचा त्याला तेव्हा थोडा अभिमानही वाटला होता, खोटं कशाला बोला.

आणि आता संघाची ही दुसरी जीप, उद्या त्याच घाटाने जाणारी, तेल गाळत उभी होती.

जीपचा ड्रायव्हर शहादेव खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता. तिशीचा, अबोल, गाडीला जीव लावणारा माणूस. "मामा," तो म्हणाला, "सील पुन्ना बदलायचं का?"

"नको. आता बगू दे मला, निघतंय कुठून ते."

एरवी गळती शोधायची धुळाजीची पद्धत ठरलेली होती. गाडी खालून स्वच्छ धुवायची, पुसायची, फिरवून आणायची आणि पहिली ओल कुठे येते ते पाहायची. पण टँकर चौथ्या दिवशी येत होता आणि घराला चार घागरी मिळत होत्या. जीप धुतली असती तर बायकांनी त्यालाच धुतला असता. हातसुद्धा तो पाण्याने धूत नव्हता. परळीच्या वीजकेंद्राची राख वीटभट्ट्यांकडे नेणारा एक ट्रकवाला त्याच्याकडे गोणीभर राख टाकून गेला होता, तीच चोळून तेल काढायचं. त्या गोणीकडे बघता बघता त्याला युक्ती सुचली. रॉकेलच्या चिंधीने त्याने धुरा आणि गोळा लख्ख पुसला, वाळू दिला, आणि फडक्यात राख बांधून सगळीकडे थापटली. मागचा अख्खा धुरा भस्म फासलेल्या गोसाव्यासारखा दिसू लागला.

"जा, पेंडीची पोती भर आन् आष्टीवरनं फिरून ये," त्याने शहादेवला सांगितलं. "जरा तापू दे तिला."

दीड तासाने जीप परत आली. धुळाजी बॅटरी पेटवून खड्ड्यात उतरला. राख थापली की ओल लपत नाही. डाव्या चाकाच्या आत ओल होती. उजव्या चाकाच्या आत तेवढीच ओल होती. पुढे, जिथे इंजिनाकडून येणारा दांडा गोळ्यात शिरतो, तिथेही राख भिजून काळी पडली होती. तीन ठिकाणी तीन सीलं, आणि तिन्ही एकदम पाझरत होती.

धुळाजीने तिन्ही ठिकाणी पुन्हा बोट लावून पाहिलं. एक सील नकली निघेल. दोन निघतील. पण तीन वेगवेगळी सीलं एकाच दिवशी, एकाच मापाने गळत नाहीत. म्हणजे दोष सीलांचा नव्हता. आतून काहीतरी तेलाला ढकलत होतं.

त्याने बॅटरी गोळ्याच्या डोक्यावर फिरवली. तिथे बोटभर उंचीची नळी होती, आणि नळीवर लसीच्या बाटलीचं रबरी बूच, तारेचे दोन वेढे देऊन आवळलेलं. आजूबाजूची राख कोरडी ठणठणीत होती. बूच मात्र फोडासारखं वर फुगलं होतं.

ते बूच त्याचंच होतं. गेल्या उन्हाळ्यात धूळ अशी उडत होती की त्या नळीतून आत शिरून तिने एका जीपच्या गोळ्यातले दाते खाल्ले होते. छावणीत जनावरांना लस टोचून झाली की बाटल्यांची बुचं ढिगाने पडायची. धुळाजीने त्यातलं एक नळीवर बसवून पाहिलं, आणि ते असं बसलं की जणू तिच्यासाठीच केलं होतं. नळी कशासाठी असते हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते, ती तिथून बाहेर पडते. पण तो सगळ्यांना हसून सांगायचा, "पुस्तक लिवणाऱ्यानं आपल्याकडची धूळ कुठं खाल्लीय?" संघाच्या दोन्ही जिपांना त्याने बुचं बसवली, गावातल्या आणखी तीन गाड्यांना बसवली. भगवानरावांनी छावणीत चार लोकांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली होती. लोक त्याला धुळाजीचं बूच म्हणायला लागले. एवढं कौतुक त्याच्या वाट्याला आयुष्यात कधी आलं नव्हतं.

त्याने पक्कडीने तार सोडवली. बूच जरासं हललं, आणि फस्सकन आवाज होऊन गरम, उग्र वासाची वाफ त्याच्या तोंडावर आली. बराच वेळ येत राहिली.

मग त्याने मागचं चाक काढलं, ड्रम काढला. ड्रमला आतून घासून चाक धरणारे ब्रेकचे लायनर तेलाने चकचकीत झाले होते. त्याने त्यावर अंगठा दाबून पाहिला. अंगठा सरकला.

लोण्यावरनं चालल्यागत, आसाराम म्हणाला होता. पेडल घट्टच राहणार, कारण पाइपमध्ये काही बिघाडच नव्हता. पाय आपलं काम करत होता, पण चाकाजवळ धरायला काही उरलं नव्हतं. भरल्या गाडीला उतारावर पुढची दोन चाकं एकटी किती धरणार? ही जीप वर्षभर छावणीच्या आसपास फिरली, फारशी तापली नाही, घाटात उतरली नाही, म्हणून वाचली. आसारामची जीप रोज बीडला जायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं होतं, आणि चोर स्वतः खड्ड्यात बॅटरी घेऊन उभा होता. धुळाजीने बॅटरी विझवली. तो खड्ड्यातच भिंतीला टेकून खाली बसला.

"काय झालं मामा?" वरून शहादेवने विचारलं.

"काई न्हाई," धुळाजी म्हणाला. "सीलंच खराब निघाली."

ही त्या दिवसातली पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे तो आधी भगवानरावांकडे गेला.

छावणी माळावर होती. हजारभर जनावरं, चाऱ्याला टाकलेल्या उसाच्या वाढ्यांचा वास, आणि प्रत्येक दावणीपाशी एक एक कुटुंब. आसारामचीही दोन जनावरं तिथे होती. तो खुंट्याजवळ पोत्यावर बसला होता, वाकडा पाय पुढे करून. अपघातानंतर त्याला एक खोड लागली होती. बसल्या जागी त्याचा उजवा पाय टाचेवर टेकून पुढे दाबला जायचा, सुटायचा, पुन्हा दाबला जायचा. तिथली जमीन घासून खड्डा पडला होता. पोरं त्याची नक्कल करत. त्याची बायको मंजुळाबाई वैरण टाकत होती. तिने धुळाजीकडे पाहिलं आणि पदर पुढे ओढून पाठ केली. तो रोज इथून जायचा आणि ती रोज असंच करायची. आज त्याला ती पाठ सहन झाली नाही.

भगवानराव मांडवात खुर्चीवर बसले होते. साठीचे, पांढऱ्याशुभ्र कपड्यातले, आवाज कधी न चढवणारे. धुळाजीने बूच त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी बूच दोन बोटांत धरून फिरवून पाहिलं.

"हे कुणी कुणी बघितलं?"

"म्या एकट्यानं."

"शहादेवनं?"

"त्याला बोललो न्हाई."

"मंग बोलू नका." भगवानरावांनी बूच परत त्याच्या हातात दिलं आणि त्याची बोटं मिटवली. "झाकली मूठ सव्वा लाखाची, मिस्तरी. हे कुणी केलं? संघानं? न्हाई. म्या? न्हाई. तुमी केलं. निवृत्ती गेला, तो मंग कुणामुळं गेला? उद्या कोर्ट इचारंल. आसारामला फार तर वरीस-दोन वरीस सजा लागंल. तुमचं काय हुईल, मला न्हाई सांगता यायचं."

"पर त्यो खरं बोलत व्हता, आण्णा."

"दिवाळीनंतर संघाची निवडणूक हाय. संघाच्या गाडीत खोट व्हती म्हणून मानूस मेला, असं छापून आलं की छावणी आठ दिवसांत बंद पडंल. ही हजार जनावरं कुठं जातील?" त्यांनी माळाकडे हात केला. "तुमी कायम आपली मानसं. बूच काढून टाका, चाकं पुसून घ्या, आन् उद्या मागं जे लिवून दिलंय तेच बोला. बास."

एवढं बोलून ते दुसऱ्या माणसाशी बोलू लागले. धुळाजी उठला. जाताना तो मुद्दाम लांबच्या वाटेने गेला, आसारामची दावण लागू नये म्हणून.

त्याने जीप नीट केली. मन लावून केली. लायनर नवे टाकले, ड्रम रॉकेलने पुसले, सीलं बदलली, नळी मोकळी सोडून तिच्यावर बारीक जाळी बांधली. पहिल्याच दिवशी ही जाळी का सुचली नाही, हा विचार त्याला तासभर चावत राहिला. संध्याकाळी घरी गेल्यावर तो दारात बसून राखेने हात चोळत राहिला. हात कधीच स्वच्छ झाले होते. त्याची बायको वत्सलाबाई ताट वाढून दोनदा हाक मारून गेली. तो जेवला नाही.

बुधवारी सहाला जीप दारात आली. पुढे भगवानराव, मागे पेंडीच्या रिकाम्या पोत्यांवर धुळाजी. खिशात कालचं बूच होतं. ते का घेतलं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. जामखेड गेलं, सौताड्याचा चढ जीप धापा टाकत चढली. पुढे पठारावर दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली रानं. एका विहिरीच्या काठावर बायका डोकावून उभ्या होत्या, पण पोहरा कोणी सोडत नव्हतं. भगवानराव शहादेवशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते. धुळाजीकडे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

पाटोदा मागे पडलं आणि धुळाजीला वास आला.

प्रथम वाटलं, भास आहे, कालपासून नाकात बसला असेल. त्याने पायाखालच्या फळीला नाक लावलं. गंधकाचा तोच उग्र, गरम वास होता. नळी मोकळी होती. मोकळ्या नळीतून थोडा वास येणारच, असं त्याने स्वतःला समजावलं. पुढच्या दहा मैलांत ते समजावणं दोनदा पुरलं, तिसऱ्यांदा पुरलं नाही.

मांजरसुंब्याला, घाटाच्या डोक्यावर, चहाला गाडी थांबली. धुळाजी उडी मारून उतरला आणि भर रस्त्यात पाठीवर झोपून जीपखाली सरकला. कोर्टासाठी सकाळी घातलेलं पांढरं सदरा-धोतर अंगावर होतं.

दोन्ही चाकांच्या आत ओल होती. नव्या सीलांच्या कडेने तेल नुकतंच झिरपायला लागलं होतं, थेंब धरून. आणि गोळ्याच्या डोक्यावर जाळी नव्हती. तिथे नवं कोरं रबरी बूच होतं, तारेचे दोन वेढे देऊन आवळलेलं, तंतोतंत त्यानेच बसवल्यासारखं.

"शहादेव." त्याने खालूनच हाक मारली.

शहादेव वाकून खाली बघू लागला. "मामा, काल तुमचं बूच पडलं व्हतं वाटतं. कुनीतरी चिंधीची जाळी बांदलती. म्हनलं धूळ जाईल आत. म्या पहाटं नवं बसवलं. छावनीत लई पडल्यात, म्या खिशातच ठेवतो." आणि त्याने खिशातून चार-पाच बुचं काढून दाखवली. तोंडावर शाबासकीची वाट बघणारं हसू होतं.

धुळाजी जीपखाली तसाच पडून राहिला. वरून गरम लोखंडाचा कट्कट् आवाज येत होता. समोर दोनशे पावलांवर घाट सुरू होत होता. आपण काल गप्प बसलो आणि त्या गप्प बसण्यानेच पहाटे बूच परत बसवलं, एवढंच त्याला कळत होतं. आजही ते काढून टाकता आलं असतं. चाकं पुसून, पहिल्या गिअरमध्ये हळूहळू उतरता आलं असतं. पण उद्या शहादेव पुन्हा बसवणार. का बसवायचं नाही हे सांगितल्याशिवाय त्या भल्या माणसाचा हात थांबणार नव्हता. आणि का हे सांगितलं, की आसारामचंही सांगून झालं. अर्धं सांगायची सोयच नव्हती.

तो बाहेर आला. सदरा तेलाने आणि मातीने माखला होता. भगवानराव हॉटेलच्या बाकावर बशीत चहा ओतत होते. आजूबाजूला पाच-सात माणसं होती.

"गाडी खाली जायची न्हाई," धुळाजी म्हणाला. "ब्रेक लागायचा न्हाई."

"काल तर नीट केली म्हनलात."

"केली व्हती. शहादेवनं माझंच बूच पुन्ना बसवलं." तो शहादेवकडे वळला. "ऐक. हे बूच बसवलं की आतली वाफ कोंडती. वाफ तेल ढकलती, तेल ब्रेकवर येतं. पेडल घट लागतं, पर गाडी थांबत न्हाई. आसारामच्या गाडीला हेच बूच व्हतं. म्या बसवलेलं. त्यानं ब्रेक दाबला व्हता."

शहादेवच्या हातातली बुचं तशीच राहिली. भगवानरावांनी बशी खाली ठेवली.

"मिस्तरी, चहा घ्या. ऊन बाधलंय तुमाला." मग शहादेवला म्हणाले, "गाडी काढ. अकराला तारीख हाय."

शहादेव जागचा हलला नाही. त्याने खिशातून किल्ली काढली आणि चहाच्या बशीशेजारी ठेवली. "सायेब, निवृत्ती माझा मावसभाऊ व्हता," तो म्हणाला. "मी आसारामला वरीसभर शिव्या दिल्यात."

भगवानरावांनी किल्लीकडे पाहिलं, मग घाटाकडे. ते उठले, धुळाजीच्या अगदी जवळ आले आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "बोला काय बोलायचं ते. पर संध्याकाळी तुमाला कड्यालाच परत यायचंय, एवढं ध्यानात असू द्या."

पाठोपाठ बीडची एसटी आली. शहादेव जीपपाशी थांबला. जायला दुसरं वाहन नव्हतं, म्हणून भगवानरावही त्याच एसटीत चढले, कित्येक वर्षांनी. ते पुढे बसले. धुळाजी शेवटच्या बाकावर बसला आणि त्याने गावातल्या तिन्ही गाडीवाल्यांना फोन लावले. बूच काढा, आत्ताच्या आत्ता काढा, का ते आल्यावर सांगतो, म्हणाला आणि मग थांबून, का तेही सांगितलं. घाटातल्या त्या वळणावर एसटी हळू झाली. कठड्याचा तुटलेला भाग तसाच होता, कोणी तिथे दगड रचून चुना मारला होता. भगवानरावांनी मान दुसरीकडे वळवली. धुळाजीने स्वतःची मान वळू दिली नाही. त्याने सगळं पाहून घेतलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीशी आसाराम बसला होता. बाजूला मंजुळाबाई, मांडीवर भाकरीचं फडकं. आसारामचा पाय फरशीवर दाबला जात होता, सुटत होता. धुळाजी त्याच्यासमोर खाली बसला. मंजुळाबाईने पाठ फिरवली.

"आसाराम," तो म्हणाला, आणि पुढचं सगळं मनात जुळवून ठेवलेलं विसरला. त्याने खिशातलं बूच काढून फरशीवर ठेवलं. "हे माझं. तुज्या गाडीला व्हतं. याच्यामुळं तेल ब्रेकवर आलं. तुजी चूक न्हाई. आत जाऊन मी हेच सांगणार हाय."

आसाराम बुचाकडे बघत राहिला. एवढीशी वस्तू, अंगठ्याच्या पेराएवढी. मग त्याने जे विचारलं ते धुळाजी मरेपर्यंत विसरणार नव्हता.

"म्हंजे म्या दाबला व्हता?"

"दाबला व्हतास."

"मला आता ध्यानात येत न्हाई, मिस्तरी." तो हळू बोलत होता, जणू दुसऱ्या कोणाबद्दल. "पयले छाती ठोकून सांगत व्हतो. मंग समदे म्हनायला लागले. तुमी लिवून दिलं. तुमाला गाडीतलं कळतं. मंग म्या म्हनलं, न्हाईच दाबला आसंल. रोज बसून दाबून बगतो, आठवतं का ते."

धुळाजीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्याने पुसलं नाही. मंजुळाबाईने तोंड वळवलं. वर्षभरात पहिल्यांदा तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"कदी कळलं तुमाला?"

"काल. दुपारी."

"काल दुपारी तुमी छावनीत आलते," ती म्हणाली. "आमच्या दावनीवरनं गेलते. हे रातभर रडले, सकाळच्या तारखंला भिऊन. तुमी काल सांगितलं असतं तर एक रात तरी झोपले असते."

आतून शिपायाने धुळाजीचं नाव पुकारलं, वडिलांच्या नावासकट, मोठ्याने. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला भगवानराव वकिलाशी बोलत होते, तेही बोलायचे थांबले. धुळाजीने फरशीवरचं बूच उचललं आणि तो आत गेला. दारातून त्याने एकदा मागे पाहिलं. आसारामचा पाय अजून दाबला जात होता, सुटत होता.